बर्फावरचा पावणेसात फुटी बुरूज

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळं-हिरवं टर्फ येतं. हाच शब्द लडाखमध्ये उच्चारा, तिथली मुलंमुली गोठलेल्या तळ्याकडे बोट दाखवतील. आणि स्लोव्हाकिया किंवा कॅनडात तर नुसतं 'हॉकी' म्हणजे बर्फावरचीच! आजची गोष्ट त्या हॉकीतल्या एका डिफेन्समनची. नाव झ्देनो खारा. स्लोव्हाक उच्चार 'खारा'च्या जवळ जातो, अमेरिकन कॉमेंटेटर 'चारा' म्हणतात. मराठीत दोन्हींना अर्थ आहे, तेव्हा हसून घ्या आणि पुढे वाचा.

आधी डिफेन्समन म्हणजे काय ते समजून घेऊ. एका वेळी बर्फावर एका टीमचे सहा जण असतात. एक गोलकीपर, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. समोरून फॉरवर्ड सुसाट येत असतो आणि डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा, म्हणजे मागे मागे स्केटिंग करत असतो. फार जवळ गेला तर समोरचा चकवा देऊन निघून जातो. फार लांब राहिला तर त्याला शॉट मारायला मोकळी जागा मिळते. त्यामुळे अंतर राखणं हेच खरं कौशल्य. साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, बेंचवर येऊन दम खायचा आणि पुन्हा उतरायचं. काम नीट झालं तर स्कोअरबोर्डवर काहीच दिसत नाही, चूक झाली तर मात्र सगळ्या स्टेडियमला दिसते. घरोघरी असं काम करणारं कुणीतरी असतंच, नाही का?

उंचीच आडवी आली

खाराचा जन्म १९७७ चा, त्रेन्चिन गावचा. तेव्हा तो देश चेकोस्लोव्हाकिया होता. वडील कुस्तीगीर, १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती खेळलेले. त्यामुळे घरात शिस्त आणि व्यायाम यांची कमतरता नव्हती. अडचण वेगळीच होती. पोरगा वाढतच चालला होता. शेवटी ही उंची ६ फूट ९ इंचांवर थांबली. एनएचएल या जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये त्याच्याइतका उंच खेळाडू तोवर झाला नव्हता.

आपल्याला वाटेल, मग काय, फायदाच! पण कोच लोकांचा हिशेब उलटा होता. उंच पोराचा तोल लवकर जातो, त्याला वळायला वेळ लागतो, बुटका चपळ फॉरवर्ड त्याच्या बाजूने सटकतो. गावातल्या टीमने त्याला बाजूला केलं. हॉकी सोड आणि बास्केटबॉल खेळ, असे सल्लेही मिळाले. गंमत म्हणजे कोचचं निरीक्षण पूर्ण चुकीचं नव्हतं. त्या वयात तो खरंच अवघडलेला होता. फक्त तो कायम तसाच राहील, हा अंदाज चुकला.

पुढे तो प्रागला जाऊन ज्युनिअर हॉकी खेळला. १९९६ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला निवडलं, ५६ व्या नंबरवर. म्हणजे आधी ५५ नावं पुकारली गेली, त्यात हा नव्हता. मग एक वर्ष कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज या गावात ज्युनिअर लीग. तेव्हा इंग्लिश जेमतेम येत होतं. होस्टेलवर पहिल्यांदा राहायला गेलेल्यांना यातली भीती वेगळी सांगायला नको.

ज्यांनी सोडलं त्यांचं काय झालं?

आयलँडर्सकडे तो चार सीझन खेळला. नाव व्हावं असं फार काही घडलं नाही. २००१ च्या जूनमध्ये टीमला हवा होता अलेक्सी याशिन हा स्टार फॉरवर्ड. तो मिळावा म्हणून त्यांनी ओटावा सेनेटर्सला तीन गोष्टी दिल्या : बिल मकॉल्ट हा खेळाडू, ड्राफ्टमधला दुसऱ्या नंबरचा हक्क आणि खारा. त्या दुसऱ्या नंबरवर ओटावाने जेसन स्पेझाला घेतलं, तोही पुढे स्टार झाला. याशिनला आयलँडर्सने १० वर्षांचा, ८ कोटी ७५ लाख डॉलरचा करार दिला आणि २००७ मध्ये तो करार पैसे मोजून मोडला. हॉकीच्या इतिहासातल्या फसलेल्या सौद्यांची यादी निघाली की हा सौदा वर असतो.

ओटावात खारा बहरला. पण २००६ मध्ये पगाराची मर्यादा आडवी आली. टीमला दोन मोठ्या डिफेन्समनपैकी एकालाच ठेवणं परवडणार होतं. त्यांनी वेड रेडनला ठेवलं. खारा बोस्टन ब्रुइन्सकडे गेला, पाच वर्षांसाठी ३ कोटी ७५ लाख डॉलरवर, आणि आल्या आल्या कॅप्टन झाला. २००९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली.

जी उंची अडचण होती तिचं त्याने काय केलं, हे बघण्यासारखं आहे. त्याची स्टिक इतरांपेक्षा लांब असायची. लांब हात आणि त्यात लांब स्टिक, म्हणजे समोरच्याने बाजूने जायचं म्हटलं तरी जागाच उरायची नाही. आणि शॉट? २०१२ च्या ऑल-स्टार स्पर्धेत त्याने मारलेला पक ताशी १०८.८ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने गेला. शोएब अख्तरचा २००३ चा तो प्रसिद्ध बॉल १६१.३ चा होता, एवढं सांगितलं तरी पुरे. फरक इतकाच की हॉकीत असा पक अडवायला लोक स्वतःहून आडवे पडतात!

ड्रेसिंग रूममधला नियम

आता तुमच्या-माझ्या कॉलेजशी थेट संबंध असलेला भाग. अमेरिकन खेळांत नव्या खेळाडूला 'रूकी' म्हणतात. त्याने सीनिअर्सच्या बॅगा उचलायच्या, टिंगल सहन करायची, असा रिवाज असतो. आपल्याकडे फर्स्ट इयरवाल्यांना 'इंट्रो' द्यायला लावतात, त्याचाच हा भाऊ. खाराने बोस्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये तो शब्दच बंद केला. १९ वर्षांचा असो की ४० चा, टीममधला माणूस म्हणजे टीममधला माणूस. ज्याला पोरवयात टीमबाहेर बसवलं गेलं, त्याने कॅप्टन झाल्यावर सूड उगवला नाही, दार उघडलं. कॅप्टन म्हणून तो तिथे १४ सीझन राहिला.

एक वर्ष, दोन बाजू

पण त्याला देव करायचं कारण नाही. ८ मार्च २०११, मॉन्ट्रिअल. धावत्या खेळात खाराने मॅक्स पॅचिओरेटी या खेळाडूला कडेच्या बोर्डवर ढकललं. नेमका त्या जागी काचेचा खांब होता. पॅचिओरेटीचं डोकं त्यावर आदळलं. मेंदूला मार लागला, मानेचा मणका फ्रॅक्चर झाला. खाराला त्या मॅचमधून बाहेर काढलं, पण लीगने पुढे बंदी घातली नाही. मॉन्ट्रिअलमध्ये संताप उसळला, पोलिसांनी चौकशी केली. नोव्हेंबरमध्ये सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल होणार नाही असं सांगितलं. पॅचिओरेटी सुदैवाने पुन्हा खेळायला लागला आणि २०१२ मध्ये चिकाटीसाठीची मास्टर्टन ट्रॉफी त्याला मिळाली. पावणेसात फुटी माणसाची ताकद नेमकी किती आवरायची, हा प्रश्न मात्र त्या रात्रीने सोडवला नाही. ज्या अंगाने टीमला वाचवायचं, त्याच अंगाने एखाद्याचं आयुष्य थांबू शकतं. डिफेन्समनच्या नोकरीत हे ओझंही येतं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये बोस्टन स्टॅन्ली कपच्या फायनलमध्ये पोचलं. समोर व्हँकूव्हर, त्यांच्याकडे हेन्रिक आणि डॅनिअल सेडिन हे जुळे भाऊ. लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट्सचा मान आधीच्या सीझनला एका भावाचा, त्या सीझनला दुसऱ्याचा. खाराचं मुख्य काम या दोघांना अडवणं. सात मॅचमध्ये मिळून व्हँकूव्हरला फक्त आठ गोल करता आले. पाठीमागे गोलकीपर टिम थॉमस अफाट खेळत होता, हेही सांगायला हवं. १५ जूनला सातवी मॅच ४-० ने जिंकून बोस्टनने ३९ वर्षांनी कप उचलला. कॅप्टन खाराने तो डोक्यावर धरला तेव्हा त्याहून उंच कप कधी गेलाच नसेल!

जबडा मोडला, तरी…

२०१९. खारा ४२ वर्षांचा. पुन्हा फायनल, समोर सेंट लुईस. चौथ्या मॅचमध्ये पक उसळून थेट तोंडावर बसला आणि जबडा मोडला. तीन दिवसांनी पाचवी मॅच बोस्टनमध्ये होती. नावं पुकारली गेली आणि पूर्ण चेहरा झाकणारं संरक्षण लावून खारा बर्फावर उभा! अख्खं स्टेडियम उठून ओरडत राहिलं. इथे सिनेमा असता तर बोस्टन जिंकलं असतं. प्रत्यक्षात ती मॅचही हरली आणि सातवी मॅच हरून कपही गेला.

पुढच्या वर्षी बोस्टनला तरुण डिफेन्समनना जागा द्यायची होती. खाराला अजून खेळायचं होतं. तो एक सीझन वॉशिंग्टनकडे गेला आणि मग, ज्यांनी २० वर्षांपूर्वी त्याला देऊन टाकलं होतं, त्याच आयलँडर्सकडे परतला. तिथेच २०२२ च्या फेब्रुवारीत तो एनएचएलमध्ये सर्वाधिक मॅच खेळलेला डिफेन्समन झाला. सप्टेंबरमध्ये बोस्टनशी एका दिवसाचा करार केला आणि त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त झाला. २०२५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला. मधल्या काळात भाषा शिकणं, रिअल इस्टेटचं लायसन्स काढणं हेही चालूच होतं. निवृत्तीनंतरच्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉन धावला, ३ तास ३८ मिनिटांत.

हिशेब मांडू. २४ सीझन, १,६८० मॅच, गोल २०९. म्हणजे आठ मॅचमागे एक गोल. यूट्यूबवर हायलाइट्स शोधाल तर त्याचे शॉट आणि मारामाऱ्या सापडतील. त्याने थांबवलेले हल्ले फारसे सापडणार नाहीत, कारण न झालेल्या गोलचा व्हिडिओ कोण काढून ठेवतो? तेव्हा एखादी पूर्ण मॅच लावा आणि पाच मिनिटं पककडे बघूच नका. मागे मागे स्केटिंग करणाऱ्या ३३ नंबरच्या जर्सीकडे बघा. खेळ वेगळाच दिसायला लागेल.