‘बी’ म्हणजे बेल्लूर

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या नावातला ‘बी’ म्हणजे बेल्लूर, कर्नाटकातल्या कोलार भागातलं त्यांचं जन्मगाव. १९३७मध्ये गुरू टी. कृष्णमाचार्यांनी त्यांना योग शिकवायला पुण्याला धाडलं. गुरू नात्याने बहिणीचे यजमान. पण शिस्त अशी कडक, की मेहुणा म्हणून काडीची सवलत नाही! तरीही १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’ या त्यांच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका गुरूंच्याच नावे. पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या योगसंस्थेला दिवंगत पत्नी रमामणींचं नाव. बेल्लूरचं ऋणही ते विसरले नाहीत. तिथे शाळा, दवाखाना आणि योगसूत्रकार पतंजलींचं मंदिर झालं. अय्यंगार पद्धतीचा वर्ग आजही मांडी घालून, हात जोडून, पतंजलींच्या प्रार्थनेनेच सुरू होतो.