ग्रोनिंगेनच्या अभ्यासिकेतील वाकाटक

गोंदिया जिल्ह्याची उत्तर सीमा ज्या वैनगंगा आणि वाघ नद्यांनी आखलेली आहे, त्यांच्या पलीकडील बालाघाट जिल्ह्यात, १८९३ च्या सुमारास, अरण्यातील एका झाडाला टांगलेली पाच ताम्रपत्रे आढळली. ती पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत पोहोचली, आणि त्यांचे वाचन केले ते जर्मनीतील गटिंगेन येथे, फ्रान्झ कीलहॉर्न या पंडिताने. हा पंडित महाराष्ट्राला परका नव्हता. १८६६ ते १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने संस्कृताचे अध्यापन केले होते. विदर्भाच्या वाकाटक घराण्याचा नृपती द्वितीय पृथिवीषेण याची वंशावळ सांगता सांगता तो लेख अपुराच थांबतो. दानाचा मजकूर कोरला जाण्यापूर्वीच काम सुटलेले दिसते. परंतु बुडालेल्या आपल्या वंशाचा आपण उद्धार केला, असे त्या राजाचे अभिमानपूर्ण वचन त्या अपुऱ्या सनदेतून आपल्यापर्यंत आले, आणि त्याचे श्रेय दूर देशी बसून अक्षर अक्षर पारखणाऱ्या त्या वृद्ध अभ्यासकाच्या चिकाटीकडे जाते.

विदर्भाची भूमी आणि युरोपातील विद्यापीठ यांचा जो संबंध अशा रीतीने जुळला, त्याचे अलीकडचे आणि माझ्या मते अधिक फलदायी पर्व नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन या उत्तरेकडील नगरात घडले. १६१४ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात भारतविद्येचे अध्यापन करणारे प्राध्यापक हान्स बाक्कर यांनी अयोध्येवरील आपल्या ग्रंथानंतर रामटेकच्या टेकडीकडे लक्ष वळविले. वराह, केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रम अशी वाकाटककालीन देवस्थाने ज्या एकाच टेकडीवर उभी आहेत, तेथे यात्रेकरू शतकानुशतके जात होतेच. तथापि केवल नरसिंहाच्या मंदिरातील भिंतीवर चुन्याच्या थरांखाली एक शिलालेख दडलेला होता, हे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात तो चुना काढला गेला तेव्हाच उघडकीस आले. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्याचे डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. आणि त्यावरील बाक्कर व हारुनागा आयझॅकसन यांचे सविस्तर वाचन १९९३ साली लंडनच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात आले.

अशा झिजलेल्या शिलालेखाचे वाचन म्हणजे नेमके काय, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ओला कागद दगडावर दाबून, त्यावर शाई फिरवून ठसा घ्यावयाचा. मग पेटीसारख्या चौकोनी शीर्षाच्या त्या वाकाटक लिपीतील प्रत्येक वळण दुसऱ्या ठशांशी आणि ताम्रपटांतील अक्षरांशी ताडून पाहावयाचे. लेख पद्यमय असल्यामुळे वृत्ताचे लघुगुरू हाती धरून, फुटलेल्या जागी किती अक्षरे होती आणि ती ऱ्हस्व होती की दीर्घ, याचा हिशेब मांडता येतो. पण जे अक्षर दगडावर नाही ते कल्पनेने भरावयाचे नाही, हा संयम त्याहून मोठा. या कष्टाचे फळ असे की, द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राजमाता प्रभावतीगुप्ता हिच्या स्मृतीशी निगडित प्रभावतीस्वामी नामक देवस्थान आणि सुदर्शन नामक जलाशय यांचा उल्लेख आपल्या हाती आला. नवेगाव बांधासारखे विस्तीर्ण तलाव, कोहळी समाजाने बांधलेले बंधारे आणि गावोगावचे मालगुजारी तलाव यांच्या पाण्यावर ज्यांचे धान पिकते, त्या आमच्या गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला राजमातेच्या स्मृतिलेखात तलावाचे नाव येण्यातील अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही.

१९९७ साली ग्रोनिंगेनहूनच बाक्कर यांचा वाकाटकांच्या मूर्तिविद्येवरील ग्रंथ निघाला. नागपूर विद्यापीठाने मांढळ येथे खणून काढलेल्या विलक्षण शैवमूर्ती आणि रामटेकचे वैष्णव शिल्प यांचा त्यात एकत्र विचार आहे. आणि खोदणारी कुदळ येथल्या माणसांचीच होती, ही गोष्ट तेथील अभ्यासकांनी कोठेही झाकलेली नाही.

त्यानंतरचा प्रश्न राजधानीचा. द्वितीय प्रवरसेन, ज्याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आहे, त्याने नंदिवर्धन सोडून प्रवरपूर वसविले. ते प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते, आणि ज्यांनी वाकाटकांचा कोरीव लेखसंग्रह १९६३ साली सिद्ध करून दिला त्यांच्या मताला वजन असणे स्वाभाविकच आहे. परंतु रामटेकच्या पश्चिमेस मनसर येथे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली जे उत्खनन झाले, त्यातून हिडिंबा टेकडीवरील भव्य विटांचे देवालय, पायथ्याशी प्रासादासारखी वास्तू आणि प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्रा बाहेर आली. २००८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या शोधावर चर्चासत्र भरले आणि त्याचे निबंध ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांस विनामूल्य खुले केले. पुरावा पाहता प्रवरपूर म्हणजे मनसर, ही बाजू अधिक बळकट आहे, असे मला निश्चितपणे वाटते. मिराशींच्या हाती ती मुद्रा असती तर त्यांनीही हा विचार नव्याने केला असता. पुढे २०१४ पासून ब्रिटिश म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी आणि लंडन विद्यापीठाचे प्राच्यविद्या महाविद्यालय यांनी गुप्त आणि त्यांच्या समकालीन राजवटींवर जो संयुक्त प्रकल्प चालविला, त्यातही बाक्कर यांचा सहभाग होता.

एवढे सारे काम ज्या ताम्रपटांच्या आणि लेखांच्या आधारे उभे राहिले, त्यांतील शिलालेख आपल्या मूळ जागी टिकला म्हणून त्याला देऊळ, टेकडी आणि देवता यांचा संदर्भ राहिला. झाडाला टांगलेल्या बालाघाटच्या पत्र्यांना मात्र तो संदर्भ नाही, आणि कितीही मोठा पंडित गटिंगेनला किंवा ग्रोनिंगेनला बसला तरी तो त्यांना परत देऊ शकत नाही. ते काम सापडणाऱ्याच्याच हातचे आहे. म्हणून तिरोडा, आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील शेतकरी बांधवांना माझी आग्रहाची विनंती आहे की, बांधी नांगरताना किंवा तलावाचा गाळ उपसताना अक्षरे कोरलेला पत्रा, नाणे वा मूर्ती हाती आली, तर ती चिंचेने घासू नये, पत्रे ओवलेली कडी आणि तिच्यावरील मुद्रा तोडू नये, भंगारात तर कदापि घालू नये. जागा कोणती, खोली किती, सोबत काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तहसील कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानेही दहा रुपयांहून अधिक किमतीच्या भूमिगत ठेव्याची अशी वर्दी देणे बंधनकारक केलेले आहे.