ज्याचा शब्द हेच प्रमाण

रिक्षात राहिलेली पैशांची पिशवी चालकाने परत केली, की मराठी वर्तमानपत्र त्याला ‘प्रामाणिक’ म्हणते. हिंदीत तोच माणूस ‘ईमानदार’ ठरतो. हिंदीतले ‘प्रामाणिक’ हे विशेषण लागते ते सहसा ग्रंथाला, दस्तऐवजाला. अर्थ अस्सल, विश्वसनीय. गुजराती आणि कन्नड मात्र आपल्यासारखेच माणसाला प्रामाणिक म्हणतात. संस्कृत शब्द एकच. कुठे तो कागदाला चिकटला, कुठे माणसाला!

या शब्दाच्या पोटात ‘प्रमाण’ आहे आणि प्रमाणाच्या मुळाशी ‘मा’ हा धातू, म्हणजे मोजणे. मात्रा, परिमाण, अनुमान ही सगळी त्याच घरची मंडळी. ‘समाज’चे ‘सामाजिक’ होते, तसे ‘प्रमाण’चे ‘प्रामाणिक’ झाले: जे प्रमाणाला धरून आहे ते. यात नीतीचा उल्लेखसुद्धा नाही. मग हे सद्गुणाचे नाव कसे शोभते?

न्यायदर्शनात याचा सुंदर दुवा सापडतो. खरे ज्ञान मिळवण्याची चार साधने, म्हणजेच चार प्रमाणे, न्यायसूत्रे सांगतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्वतः पाहणे, तर्क करणे, साम्यावरून ओळखणे. आणि चौथे, विश्वासू माणसाचे सांगणे. अशा माणसाला तिथे ‘आप्त’ म्हणतात. त्याने गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी पाहिली तशीच ती सांगण्याची त्याची इच्छा असावी, असे भाष्यकार वात्स्यायन लिहितात. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू, असेही ते स्पष्ट करतात. केवढा मोठा विचार! जात नाही, कुळ नाही. जसे पाहिले तसे सांगणाऱ्या कोणाचाही शब्द थेट डोळ्यांच्या आणि तर्काच्या पंगतीत बसतो.

म्हणूनच मराठीत हा शब्द पैशांच्या व्यवहारापुरता उरत नाही. आपण प्रामाणिक प्रयत्न म्हणतो, प्रामाणिक मत म्हणतो आणि प्रामाणिक मतभेदसुद्धा म्हणतो. दोघांचे निष्कर्ष परस्परांच्या उलट असू शकतात, एखाद्याचा चुकीचाही असू शकतो. पण दोघेही आपल्याला जे दिसले तेच सांगत असतील, तर मतभेद प्रामाणिकच. चुकल्याने प्रामाणिकपणा जात नाही. पाहिले एक आणि सांगितले दुसरे, की तो जातो.