घोड्याला रविवार नसतो

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? या कोड्याचं उत्तर महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे : न फिरवल्यामुळे. भाकरीचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी असतो, पानांचा निदान जुन्या माणसांच्या. घोड्याचा मात्र आता फारसा कुणाला उरलेला नाही, त्यामुळे कोड्यातला तो भाग आपण नुसताच म्हणून टाकतो. वास्तविक तिन्हींत अवघड प्रकरण तेच आहे. भाकरी एकदा उलटली की काम झालं. घोडा रोज फिरवावा लागतो, आणि पोटासाठी नोकरी करणाऱ्या माणसाने हे 'रोज' कुठून आणायचं, हा प्रश्न कोड्यात कुणी विचारलेला नाही.

हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. मी ३६ वर्षं बँकेत काढली, त्याच काळात कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच काळात घोड्यांच्या सहवासात राहिलो, हे कळल्यावर लोकांना वाटतं, या गृहस्थाकडे वेळ काढण्याची काही युक्ती असावी. युक्ती काही नाही. पण वेळाचा हिशेब पैशाच्या हिशेबासारखा नसतो, एवढं मात्र घोड्याने मला शिकवलं. पैसा मुदत ठेवीत घालता येतो, पाच वर्षांनी व्याजासकट काढता येतो. 'आत्ता वर्षभर राबतो, मग महिनाभर घोड्याजवळच राहतो' हा बेत माणसाच्या डोक्यात चोख बसतो. घोड्याच्या पोटात बसत नाही.

पोटात हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतो आहे. घोड्याचं शरीर केवढं, पण जठर त्या मानाने अगदी लहान. मोकळ्या रानात सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतो. तबेल्यात बांधलेल्या ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो, २५ ते ४० लिटर पाणी लागतं, आणि हे सगळं एका वेळी पुढ्यात टाकून चालत नाही. वरून चंदी, खरारा, खुरांची सफाई, शेण काढणं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाची फेरी. यातलं काहीही 'उद्या दुप्पट करू' म्हणून पुढे ढकलता येत नाही. घोड्याचं खातं रोजच्या व्यवहाराचं, चालू खातं आहे.

या रोजच्यापणाची साक्ष देणारा एक आजारच आहे. इंग्रजीत त्याचं जुनं नाव 'मंडे मॉर्निंग डिसीज', म्हणजे सोमवार सकाळचा आजार. विलायतेत गाडे ओढणारे दणकट घोडे आठवडाभर राबत. रविवारी मालकाला सुट्टी म्हणून घोड्यालाही सुट्टी. मात्र चंदी नेहमीचीच, पोटभर. सोमवारी जुंपलं की त्यातले काही घोडे चार पावलांतच घामाघूम होऊन थिजत. मागचे स्नायू लाकडासारखे ताठ, लघवी कॉफीच्या रंगाची. स्नायूच आतून मोडायला लागलेले असत. आज या दुखण्याची निरनिराळी कारणं कळली आहेत, काही घोड्यांत ते आनुवंशिकही असतं. पण जुना धडा अजून तसाच आहे : विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करावी आणि घोडा थोडा का होईना, हिंडवावा. सोमवारी सकाळी आपल्यालाही काही कमी आजार होत नाहीत. पण आपण रजेचा अर्ज टाकतो. घोड्याला रविवारच मुळात मानवत नाही.

मी १९८२ साली बँकेत लागलो, तेव्हा घोड्याकडे पाहण्याची दृष्टी अगदी वेगळी होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेत दुभत्या म्हशींच्या अर्जांच्या गठ्ठ्यात मधूनच टांगा-घोड्याचा अर्ज निघे. कर्ज मंजूर करण्यापूर्वी घोडा पाहायला मला जावं लागे. एका टांगेवाल्याने घोड्याच्या जबड्यात हात घालून दातांवरून वय कसं ओळखायचं ते मला दाखवलं, आणि 'साहेब, कागदावर काय बी लिवा, दात खोटं बोलत न्हाईत' असं वर बजावलं. एस.टी. स्टँड ते बाजारपेठ अशा खेपा मारून तो घोडा स्वतःची चंदी कमवायचा, मालकाचं घर चालवायचा आणि बँकेचा हप्ताही भरायचा. त्या टांगेवाल्याला 'घोड्यासाठी वेळ कसा काढता?' असं विचारलं असतं तर तो हसला असता. त्याचा सगळा वेळ घोड्याचाच होता, कारण त्याची कमाईही घोड्याचीच होती.

ते गणित आता उलटं झालं आहे. टांगे रिक्षांनी संपवले. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, आणि तबेल्यांची अवस्था पाहिलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटलं नसेल. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. माथेरानसारख्या ठिकाणी घोडा अजून कमावता आहे. एरवी त्याचं काम गेलं. पूर्वी घोडा माणसाला पोसायचा, आता घोड्याला पोसायला माणसाचा पगार लागतो. आणि पगार मिळवायचा तर घोड्यापासून दिवसभर लांब राहावं लागतं. सारा पेच इथे आहे.

माझ्यापुरता हा पेच १९९५ साली पुण्यात उभा राहिला. शर्यतीतून निवृत्त झालेला सात वर्षांचा एक घोडा एका लहानशा रायडिंग स्कूलच्या तबेल्यात आला होता. एकट्याने तो घेण्याची माझी ऐपत नव्हती. आम्ही तिघांनी मिळून त्याचा खर्च उचलला : एक दंतवैद्य, एक कॉलेजातल्या प्राध्यापिका आणि मी. माझ्या वाट्याला पहाट आली. साडेपाच ते सात घोडा, दहाला बँक, रात्री जेवणानंतर लेखन. पुढच्याच वर्षी बढतीचं पत्र आलं, बदली परराज्यात. मी ते पत्र घरी टेबलावर ठेवलं. आमच्या सौभाग्यवती शाळेत गणित शिकवत. त्यांनी पगारातली वाढ, दोन घरांचं भाडं, मुलांच्या शाळा असा ताळेबंद कागदावर मांडला आणि म्हणाल्या, "अहो, पैसे थोडे वाढतील हे खरं. पण पहाट कुठून आणाल?" मी बढती नाकारली. पाच वर्षांनी पुन्हा आली, पुन्हा नाकारली. सहकाऱ्यांना वाटलं, कादंबरीसाठी. बँकेतलं पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं, तेव्हा या दोन नकारांची किंमत मी आजही दर महिन्याला मोजतो. ती जास्त नाही असं मी म्हणणार नाही. पण तिच्या बदल्यात काय मिळालं ते मला माहीत आहे, आणि ते मी त्या भावाला पुन्हा घेईन.

याच्या अगदी उलट वाट माझ्या एका सहकाऱ्याने धरली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय पुरेसं होतं. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातली कमी असेल ती रक्कम हातात पडणार होती. देशभरात लाखाच्या घरात माणसं बाहेर पडली. आमच्या या मित्राने त्या पैशातून गावाकडे तबेला बांधला आणि दोन घोडे आणले, त्यातला एक सारंगखेड्याच्या यात्रेतून. तापीकाठची ही यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. दोन वर्षांत पैशाने तळ दाखवला. मग घोडे वरातींना जाऊ लागले. लग्नसराईत रात्र रात्र बँडच्या गोंगाटात उभं राहायचं, दिवसा पुढची सुपारी ठरवायची, पावसाळ्यात उधारी वसूल करायची. 'मोकळ्या माळावर घोडा काढून किती महिने झाले सांगता येणार नाही', असं तो मला म्हणाला होता. त्याने धंदा नेटाने उभा केला आणि आज त्याचं बरं चाललं आहे. पण घोड्यासाठी त्याने नोकरी सोडली आणि घोडा हीच त्याची नोकरी झाली. मोकळा वेळ हवा म्हणून पगार सोडणाऱ्याने हे आधी पाहावं. पगार गेला की वेळ मोकळा होतोच असं नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या धन्याकडे जातो.

आता या हिशेबातल्या तिसऱ्या माणसाबद्दल. जुन्या मराठीत त्याला मोतद्दार म्हणत, आजच्या तबेल्यात सईस म्हणतात. आमचे सईस माण तालुक्यातले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. १९९९ च्या ३१ मार्चला वार्षिक हिशेबासाठी मी रात्रभर शाखेत होतो. इकडे तबेल्यात घोड्याने संध्याकाळची चंदी तशीच ठेवली. तो मान वळवून पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन खरडू लागला. मामांनी ओळखलं : पोटशूळ. घोड्याला उलटी होऊ शकत नाही, त्यामुळे साधं वाटणारं पोटदुखणं बघता बघता जिवावर बेतू शकतं. मामांनी डॉक्टरांना निरोप धाडला आणि ते येईपर्यंत घोड्याला लोळू न देता हिंडवत ठेवलं. डॉक्टरांनी नाकावाटे नळी घालून उपचार केले. पहाटे घोडा सावरला. माझं त्याच्यावर प्रेम होतं, पण त्या रात्री प्रेम उपयोगी पडलं नसतं. तो वाचला, कारण चंदी शिल्लक राहिलेली पाहायला कुणीतरी तिथे हजर होतं.

दोन दिवसांनी मी मामांना म्हणालो, "चार दिवस गावी जाऊन या." ते हसले. "साहेब, घोड्याला रविवार न्हाई, म्हनून मलाबी न्हाई. मी गेलो तर हितं कोन ऱ्हानार?"

त्या वाक्यापाशी आम्ही तिघं भागीदार थांबलो, आणि मग एक वेळापत्रक ठरलं. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट मामांना पगारी सुट्टी. रविवारी तबेला आम्ही पाहायचा, पाळीपाळीने. शेण काढायचं, पाणी भरायचं, चंदी निम्मी करायची आणि घोडा तासभर नुसता हाताने धरून चालवायचा. स्वारी नाही. दंतवैद्यांच्या घरच्यांना पहिल्या रविवारी ते शेणाची पाटी उचलताहेत हे खरंच वाटेना. मात्र घोड्याची खरी ओळख आम्हाला त्या रविवारांनी करून दिली. त्याच्या खोगिरावर आम्ही चार वर्षं बसलो होतो, पण तो कुठल्या कुशीवर टेकतो, कुठलं खूर उचलायला कांकू करतो, पाणी पिताना कान कसे हलवतो, हे आम्हाला पाटी-खराट्याने दाखवलं.

यात आम्ही काही नवीन शोध लावला असं नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा घेऊन येई. स्वार कितीही शूर असला तरी त्याचा घोडा त्याच्या एकट्याच्या वेळावर जगत नाही, हे त्या व्यवस्थेने गृहीतच धरलं होतं. पाणी देणाऱ्याचा आणि नाल ठोकणाऱ्याचा वेळही हिशेबात धरला होता. आपल्यासारख्या पगारदारांनी शिलेदार होण्याचा हट्ट न धरता बारगीर व्हावं, असं माझं मत आहे. घोडा वाटून घ्यावा. त्याच्या कामातही वाटा घ्यावा.

निवृत्तीनंतर घोडा घेऊ म्हणणाऱ्यांसाठी शेवटी एक बँकवाला हिशेब. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. साठाव्या वर्षी तुम्ही चार वर्षांचा घोडा घेतलात, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही ऐंशी ओलांडलेली असेल. त्याचे खूर उचलायला तेव्हा कोण असेल? आमचा घोडा २०१३ साली, पंचवीस वर्षांचा होऊन गेला. मी २०१८ मध्ये निवृत्त झालो. आता सगळा दिवस माझा आहे, पण मी घोडा घेतलेला नाही. आठवड्यातून तीन सकाळी त्याच तबेल्यात जातो, दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करतो आणि घरी येऊन लिहायला बसतो. तेव्हा वाट पाहू नका. आहे त्या नोकरीत आठवड्याची एक सकाळ काढा, चुकवू नका आणि ती खाली उतरून, जमिनीवर घालवा. स्वारी मागाहून येते.

हल्ली एखादा तरुण पगारदार घोडा घेऊ का म्हणून विचारायला आला, की मी त्याला किंमत विचारत नाही, जातही विचारत नाही. सईसाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ठेवणार आणि त्या दिवशी तबेल्यात कोण असणार, एवढंच विचारतो. त्याचं उत्तर तयार असेल, तर बाकीचा वेळ सापडतो.