पाळीव सरपटणारे प्राणी, लेखांक ७ : शॅमेलिऑनच्या पिल्लांचे पहिले तीन महिने

व्हेल्ड शॅमेलिऑनचे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू शेपटीसकट सहा-सात सेंटिमीटर लांब असते आणि त्याचे वजन एक-दीड ग्रॅमच्या आसपास भरते. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ पट्ट्यातली ही जात. अमेरिकेत आणि युरोपात पाळीव शॅमेलिऑन म्हटले की बहुधा हीच असते. मादी एका वेळी तीस-चाळीस, क्वचित त्याहून बरीच जास्त अंडी घालते आणि तिथेच तिचा संबंध संपतो. पिल्लांचे संगोपन कोणताही शॅमेलिऑन करत नाही; उलट हलणारे लहानसे काही दिसले की प्रौढ प्राणी ते गिळतो. अंडी २६ ते २८ अंश सेल्सिअसला सहा ते नऊ महिने कशी ठेवावीत ते मागील लेखांकात आले आहे. पिल्ले दगावतात ती मुख्यतः त्यापुढच्या तीन महिन्यांत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असते : प्रौढासाठी बसवलेली मापे पिल्लांना लावली जातात. दीड ग्रॅमचे शरीर पाहता पाहता तापते आणि तितक्याच लवकर सुकते.

अंड्यातून डोके बाहेर काढून पिल्लू कित्येक तास तसेच पडून राहते. उरलेला बलक त्या वेळात पोटात शोषला जात असतो. त्याला ओढून बाहेर काढण्याचा मोह टाळावा. बाहेर आल्यावरही पहिला दिवस-दीड दिवस ते फारसे खात नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नर-मादी मात्र तेव्हाच ओळखता येतात. या जातीच्या नराच्या मागच्या पावलावर, टाचेच्या जागी, एक लहानसा उंचवटा जन्मापासून असतो; मादीला तो नसतो.

पाणी हा पहिला प्रश्न. शॅमेलिऑन वाटीतले स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. त्याच्या मूळ प्रदेशात पाऊस थोडा असला तरी डोंगरउतारांवर रात्री धुके आणि पहाटे दव असते. पिंजऱ्यातही तोच क्रम ठेवावा : पहाटे दिवे लागण्यापूर्वी आणि रात्री दिवे मालवताना अगदी बारीक तुषार, दुपारी पाने कोरडी. दिवसभर ओले राहिलेल्या पिंजऱ्यात बुरशी वाढते आणि पिल्लांच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. तुषार थेट अंगावर जोराने मारू नयेत, आणि तळाशी पाणी साचू देऊ नये. एवढ्या लहान जिवाला बुडायला बाटलीच्या झाकणाएवढे डबकेही पुरते. पाणी पुरेसे मिळते की नाही हे विष्ठेवरून कळते. विष्ठेसोबत पडणारा युरेटचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक. पिवळा-नारिंगी दिसू लागला तर पाणी कमी पडते आहे. डोळे खोल गेलेले दिसले तर उशीर होऊ लागला आहे.

उष्णतेबाबत सर्वाधिक चुका होतात. प्रौढ व्हेल्ड शॅमेलिऑन तीस अंशांच्या जागी बसून ऊन घेतो. पिल्लांसाठी सर्वांत उबदार फांदीवर २७-२८ अंश पुरेत आणि बाकी पिंजरा त्याहून थंड हवा. कमी वॅटचा एक साधा बल्ब पुरतो. तापमान पिल्लू बसते त्या उंचीवर मोजावे, पिंजऱ्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या चकतीवर विसंबू नये. पिल्लू फिकट पडून तोंड उघडून बसले असेल तर त्याला उष्मा होतो आहे, आणि गडद होऊन अंग चपटे करून दिव्याकडे वळले असेल तर थंडी वाजते आहे. रात्री सर्व दिवे बंद, तापमान वीस अंशांपर्यंत उतरलेले आणि बारा तास पूर्ण अंधार; रात्रीसाठी विकले जाणारे लाल-निळे बल्ब निरुपयोगीच नव्हे तर झोपमोड करणारे आहेत.

उबेचा दिवा आणि अतिनील किरणांचा दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. झपाट्याने वाढणाऱ्या हाडांना कॅल्शियम लागते, ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी अतिनील-ब किरण लागतात. या साखळीतली एक कडी तुटली की हाडे मऊ पडतात, मुलांना मुडदूस होतो तसे. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लागतो, फांदी पकडता येत नाही, जीभ लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून पिंजऱ्याच्या जाळीवर लांब नळीचा, सौम्य क्षमतेचा यूव्हीबी दिवा दिवसाचे बारा तास हवा. गुंडाळीच्या आकाराच्या लहान बल्बचा प्रकाश नीट पसरत नाही. दिवा दिसायला लखलखीत असला तरी त्यातले अतिनील किरण हळूहळू घटत जातात, म्हणून वर्षाने तो बदलावा. काचेच्या खिडकीशी पिंजरा ठेवून उन्हाचा लाभ होत नाही : काच हे किरण अडवते आणि उष्णता तेवढी आत येते.

खाद्य जिवंत आणि हलते असावे लागते. पहिले दोन-तीन आठवडे उडता न येणाऱ्या फळमाश्या, सोबत टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. दिवसातून दोन-तीनदा, खातील तेवढे द्यावे. उपाशी ठेवण्याचे हे वय नाही. मात्र उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्यावेत, कारण रात्री तेच झोपलेल्या पिल्लांना कुरतडतात. किड्यांना आदल्या दिवशी पालेभाजी आणि गाजर खाऊ घातलेले असावे; रिकाम्या पोटाच्या किड्यात पोषण फारसे उरत नाही. देताना त्यांच्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची भुकटी हलकेच भुरभुरावी, जवळजवळ प्रत्येक वेळी. ड-३ मिसळलेली भुकटी पंधरवड्यातून एकदा पुरे. ती रोज दिली तर जादा कॅल्शियम मऊ अवयवांत साचते. जास्त दिल्याने जास्त फायदा होत नाही, हे इथे अक्षरशः खरे आहे.

घर लहान असावे. मोठ्या पिंजऱ्यात फळमाश्या विखुरतात आणि पिल्लू उपाशी राहते. चाळीस सेंटिमीटर रुंद आणि थोडा अधिक उंच जाळीचा पिंजरा, आत पेन्सिलीहून बारीक काटक्या आणि मनी प्लँट किंवा जास्वंदीसारखे झाड पुरे होते. ही जात पानेही कुरतडते, तेव्हा झाडावर कीटकनाशक मारलेले नसावे. तळाशी माती किंवा भुसा घालू नये, कागद बरा.

सगळी पिल्ले एकत्र ठेवावीत की एकेकटी, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. शॅमेलिऑन एकांतप्रिय, म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, असा एक पक्ष आहे. पण २०१४ साली सिसी बॅलन, रिचर्ड शाइन आणि मॅट्स ओल्सन यांनी याच जातीच्या पिल्लांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटे चित्र दिसले : एकटी वाढलेली पिल्ले इतरांसमोर अधिक दबून वागत, त्यांचे रंग मंद असत आणि भक्ष्य पकडायला त्यांना जास्त वेळ लागे. यावरून गर्दी चालते असे ठरत नाही. सुरुवातीचे काही आठवडे चार-पाच पिल्ले एकत्र, भरपूर पाने आणि अनेक ठिकाणी खाद्य. त्यातले एखादे मागे पडू लागले, सतत गडद राहू लागले किंवा कोणाच्या शेपटीला चावा दिसला की वेगळे करणे, हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान सर्वांनाच वेगळे करावे लागते. एकमेकांना पाहून रागाने फुगणे-झुलणे तेव्हा सुरू होते आणि पिंजऱ्यांमध्ये आडपडदा लावावा लागतो.

हाताळणे मात्र शक्य तितके टाळावे. स्वच्छतेसाठी उचलावे लागलेच तर समोर काटकी धरावी, पिल्लू स्वतः तिच्यावर चढते. दिवसा डोळे मिटून बसणे हे शॅमेलिऑनमध्ये सुस्तीचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे. अशा पिल्लाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी न्यावे. विकत घेणाऱ्याने तीन महिन्यांखालचे पिल्लू घेऊ नये. स्वस्त मिळाले तरी नाही.

हे सारे परदेशातल्या, तिथल्या नियमांनुसार पाळणाऱ्या वाचकांसाठी. भारतात विदेशी शॅमेलिऑनच्या बहुतेक जाती वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या यादीत असल्याने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार त्यांची नोंदणी बंधनकारक आहे. आपल्याकडचा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, याच अधिनियमाखाली संरक्षित आहे आणि त्याचे पिल्लूसुद्धा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. ते रस्त्यावर दिसले तर काटकीवर घेऊन जवळच्या झुडपात सोडावे. जखमी असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.