मधल्या कार्डाची वाट

संगीताच्या मास्तराने संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाविषयी लिहावे, हे या पानाच्या वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. मलाही एकेकाळी वाटले असते. परंतु २०२५ सालचे बहुतेक दिवस आमच्या दांडिया बाजारातल्या घरात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर याच वस्तूची चर्चा झाली. आणि तिची वाट पाहण्यात आम्ही जे मिळवले व जे गमावले, ते सांगण्याजोगे आहे.

माझे वडील बडोदे दरबारचे गवई. विशीच्या आत ते चाकरीस लागले आणि दोन-तीन वर्षांतच, १९४९ च्या मे महिन्यात, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, शिकवण्या राहिल्या. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यांचा ऐन भरातला आवाज मी समोर बसून ऐकलेला नाही. तो राहिला होता सात स्पूलांत. घरच्या बैठकींत एका स्नेह्याने ध्वनिमुद्रण यंत्र आणून ती भरली होती. माइक तबल्याच्या जवळ ठेवलेला, त्यामुळे तबला पुढे, गाणे मागे, आणि सगळ्यावर विजेची एक अखंड घरघर.

माझा पुतण्या इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, आता गळा वेगळा काढता येतो." मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. २०१९ साली फ्रान्समधल्या डीझर कंपनीने स्प्लीटर नावाची आणि फेसबुकच्या संशोधकांनी डेमक्स नावाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. एकत्र मुद्रित झालेल्या गाण्यातून गळा, ड्रम, बास आणि उरलेली वाद्ये त्या अलग करतात. अडचण इतकीच, की त्यांचे शिक्षण पाश्चात्त्य गाण्यांवर झालेले. तंबोरा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. आपला तबला-तंबोरा त्यांना शिकवायचा, तर तेच हिशेब लाखो वेळा करावे लागतात. साधा संगणक त्यात दिवसचे दिवस घालवतो. ग्राफिक्स कार्ड, ज्याचा जन्म खेळांतली चित्रे झरझर रंगवण्यासाठी झाला, असंख्य लहान हिशेब एकाच वेळी करीत असल्यामुळे ते काम लवकर उरकते. पुतण्याच्या जुन्या संगणकात असे कार्ड नव्हते.

त्याच सुमारास, २०२५ च्या जानेवारीत, एन्व्हिडिया कंपनीने नवी पिढी जाहीर केली. ३० जानेवारीला आर.टी.एक्स. ५०९० विक्रीस आले. किंमत १,९९९ डॉलर. आमच्यासारख्यांनी ते नुसते चित्रात पाहावे. पुतण्या शांतपणे म्हणाला, "हे आपलं नाही. आपलं मागून येईल."

हे 'मागून येणे' आपल्या संस्थानी शहरांना नवीन नाही. कोणतीही नवलाई प्रथम राजवाड्यात, मग सरदारांच्या वाड्यात आणि शेवटी आपल्या माजघरात. ग्रामोफोन तसाच आला, रेडिओ तसाच आला. कार्डांचाही क्रम तोच. पण असे का, हे मी पुतण्याला खोदून विचारले, तेव्हा त्याने एका ताटलीवर मला समजावले. सिलिकनची बारा इंच व्यासाची चकती असते, तिच्यातून चिपा कापून काढतात. मागच्या पिढीतल्या ४०९० ची चिप सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर, तर ४०६० ची सुमारे १५९. एका चकतीतून मोठ्या चिपा शंभरही पुऱ्या निघत नाहीत. लहान साडेतीनशेच्या वर निघतात. मग लहान आधी का काढीत नाहीत? कारण मोठ्या कार्डावर नफा मोठा, आणि ज्यांना घाई आहे ते मागाल ती किंमत देतात. शिवाय दुकानांत मागच्या पिढीचा माल पडलेला असतो. नवे स्वस्त कार्ड लवकर आणले, तर तो कोण घेणार?

म्हणून मधल्याची वाट कधी लांबते, कधी आखडते. २०१६ साली मे महिन्यात जी.टी.एक्स. १०८० आले आणि दोन महिन्यांच्या आत २४९ डॉलरचे १०६० हजर झाले. २०२० च्या सप्टेंबरात ३०८० आले; ३०६० ला पुढचा फेब्रुवारी उजाडला. तेही ३२९ डॉलर ही किंमत कागदावरच ठेवून. कारण महामारीतली टंचाई आणि आभासी चलन 'खणणारे' यांनी सगळा माल उचलला होता. इथेरियम या चलनाचे खणणे सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले आणि जुन्या कार्डांचे ढीग बाजारात राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ४०९० निघाले, पण ४०६० यायला जून २०२३ संपत आला.

वाट पाहावी, यात मला काही गैर दिसत नाही. गाण्यात मंद्राची गंभीरता आणि तारसप्तकाची चमक यांचे कौतुक फार. पण गवयाचा रोजचा संसार मध्य सप्तकातच चालतो. आपला बहुतेकांचा तसाच चालतो. मात्र आपण ज्याची वाट पाहतो तो मध्य तोच राहिला आहे काय, हे पाहिले पाहिजे. ३०६० मध्ये मेमरी १२ जी.बी. होती. पुढच्या पिढीतल्या ४०६० मध्ये ती ८ झाली, आणि मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० मध्येही ८ च राहिली. दोघांची किंमत २९९ डॉलर. वेग वाढला हे खरे, पण भांडे लहान झाले. आणि आमच्या कामाला भांडे मोठे हवे होते. त्यातून १६ एप्रिलला आलेले ५०६० टी.आय. हे एकाच नावाचे दोन जिन्नस: एक ८ जी.बी. चा, ३७९ डॉलरला. दुसरा १६ चा, ४२९ डॉलरला. जूनमध्ये ए.एम.डी. ने ९०६० एक्स.टी. आणले, तेही याच रीतीने ८ आणि १६ अशा दोन रूपांत. नाव वाचून घेणारा गिऱ्हाईक फसायचाच. १६ चे ए.एम.डी. ३४९ डॉलरला, म्हणजे स्वस्त. परंतु आम्हाला हव्या असलेल्या आज्ञावल्या एन्व्हिडियाच्या कूडा पद्धतीवर अधिक बिनतक्रार चालतात, म्हणून आमची नजर ५०६० टी.आय. वरच राहिली.

सयाजीगंजातल्या एका दुकानात चौकशी केली. डॉलरचे रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी., त्यावर नव्या मालाचा चढा भाव. पुतण्या म्हणाला, "काका, श्रावणापर्यंत थांबू. उतरेल." मी थांबलो. शिकवण्यांच्या पैशातून दरमहा थोडे बाजूला टाकीत होतो, त्यामुळे थांबणे सोयीचेही होते.

आषाढात एके दिवशी आईने कपाट उघडले आणि म्हणाली, "इथे कसला आंबट वास येतोय रे?" वास स्पूलांचा होता. जुन्या ॲसिटेट फितीचे हेच दुखणे. दमट हवेत ती कुजू लागते, तिच्यातून शिरक्यासारखा वास सुटतो, आणि ते आम्ल फितीला अधिकच लवकर खाते. शेजारच्या फितींनाही त्याची बाधा होते. मग मात्र आमची धावपळ झाली. एका परिचितांकडचे जुने स्पूल यंत्र दुरुस्त करून आणले आणि आठवडाभरात सगळे संगणकात उतरवून घेतले. या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते जानेवारीतही करता आले असते. ही गोष्ट पुतण्याला ठाऊक होती, मी विचारले असते तर मलाही कळली असती. पण आमच्या डोळ्यांपुढे फक्त कार्ड होते. उतरवायचे ते साफ करूनच उतरवू, असे मनाने धरले होते.

सहा स्पूल उतरले. सातव्यात जयजयवंती होती. ती फीत आकसून वळली होती. यंत्रावर बसेना, बसवली तर तुटे. अस्ताई आणि अंतऱ्याचा काही भाग मिळाला. पुढचे गेले. जानेवारीत ते होते की नाही, हे आता कोण सांगणार? मी मात्र ते सहा महिने स्वतःच्याच नावे मांडले आहेत.

त्या रात्री आईला ऐकवायला बसलो. मी सांगू लागलो, की हे कच्चे आहे, कार्ड आले म्हणजे गळा स्वच्छ निघेल. तिने हात वर केला. "तुमचं कार्ड येईल तेव्हा येईल. मी पंचाऐंशीची. आहे तसंच लाव. तबला मोठा लागतोय तर लागू दे, वाजवणारा पण आपलाच होता." मग ती ऐकत राहिली. घरघरीकडे तिचे लक्ष नव्हते.

हे लिहीत असता कार्ड अजून घरात आलेले नाही. दिवाळीला पैसे जमले, आणि त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकांसाठी मेमरीच्या चिपांना एवढी मागणी आली, की त्यांचे भाव भराभर चढले. मेमरी महाग म्हणजे १६ जी.बी. चे कार्ड महाग. पुतण्या पुन्हा म्हणतो, थांबू या. मी हो म्हणतो, आणि या वेळी मनात धाकधूक नाही. सहा स्पूलांच्या तीन प्रती आहेत. एक घरात, एक पुतण्याकडे आणि एक पुण्याला बहिणीकडे. तुमच्याही कपाटात अशा फिती असतील, तर कार्डाचा भाव उतरण्याची वाट जरूर पाहा. पण आज संध्याकाळी कपाट उघडून वास मात्र घेऊन पाहा.