लिनक्स फुकट, मग पैसे कशाचे?

बऱ्याच बचत गटांकडे आता एखादा जुना कॉम्प्युटर असतो. कर्जाचे हप्ते, बैठकीचं इतिवृत्त, मालाची बिलं त्यावर ठेवली जातात. तो हळू चालायला लागला की कुणीतरी सुचवतं, "लिनक्स टाका, फुकट असतं." मग दुकानात गेलं की दुकानदार पैसे सांगतो. फुकटच्या गोष्टीचे पैसे का, असा प्रश्न पडतो. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर आतला सगळा कारभार जी प्रणाली बघते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशीच एक. लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. या गाभ्याभोवती टायपिंग, हिशेब, इंटरनेट अशी साधनं जोडून वेगवेगळ्या संस्था तयार संच देतात. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही अशा संचांची नावं. भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा संच केला आहे.

आता नीट ऐका. आपल्या भाषेत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स आधी मुक्त आहे. म्हणजे ते वापरायची, आत काय आहे ते बघायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. त्याच परवान्यात ते विकायलाही मनाई नाही. गावच्या विहिरीचं पाणी सगळ्यांचं असतं, पण कुणी हंडा भरून घरपोच आणून दिला तर त्या कष्टाचं मोल द्यावं लागतं. तसंच हे.

मग पैसे नेमके कशाचे असतात? पहिलं, वस्तूचे. पेनड्राइव्ह विकत मिळतो, त्याची किंमत. दुसरं, मेहनतीचे. संच बसवणं, मराठी कीबोर्ड सुरू करणं, प्रिंटर जोडणं यात माणसाचा वेळ जातो. तिसरं, पुढच्या मदतीचे. रेड हॅट ही अमेरिकेतली कंपनी यावरच उभी राहिली. मोठ्या संस्था तिला दरवर्षी वर्गणी भरतात, कारण काही अडलं तर निस्तरायला जबाबदार माणूस हवा असतो. २०१९ साली आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. मुक्त वस्तूवरही चोख धंदा होतो, तो असा.

बचत गटाला मात्र अशा वर्गणीची गरज सहसा पडत नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळतात.

स्वतः डाउनलोड करायचं तर त्यालाही खर्च आहे. मिंटचा संच तीन जीबीच्या आसपास, उबुंटूचा त्याहून मोठा. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये तो एका दिवसात उतरत नाही. आणि उतरवायचा तो मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावरून. तिथेही पडताळणी करावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी लोकांना बिघडवलेला संच दिला होता. प्रत्येक संचासोबत आकड्या-अक्षरांची एक लांब खूण दिलेली असते. आपल्या फाइलची खूण तिच्याशी जुळते का, हे जाणकाराकडून बघून घ्यावं.

दुकानदाराला पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. कोणता संच आणि कोणती आवृत्ती? दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? पैसे कशाकशाचे, ते पावतीवर लिहून देणार का? महिन्याभरात अडचण आली तर याल का? कुणी फक्त "लायसन्सचे पैसे" म्हणाला, तर थांबा. उबुंटू, मिंट, डेबियन यांना लायसन्सचं शुल्क नसतं. एका गटाने घेतलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या गटाला दिला तरी ती चोरी होत नाही.

बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं. तेवढ्याने कॉम्प्युटरमधलं काही पुसलं जात नाही. तेव्हा प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होतं का ते बघा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली उघडून बघा, कधी कधी अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. हिशेबाचं जे सॉफ्टवेअर वापरता, ते फक्त विंडोजवर चालणारं असेल तर लिनक्सची घाई नको. आणि कायमचं बसवायच्या आधी सगळ्या नोंदी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. बसवताना जुना साठा पुसला जाऊ शकतो. वीस बायकांच्या कर्जाच्या नोंदी गेल्या, तर वाचलेल्या पैशाला काय अर्थ?

गटात कुणाची शिकलेली मुलगी किंवा सून हे काम करू शकत असेल, तर डाउनलोड करा आणि तिच्या वेळेचा मान ठेवा. तसं कुणी नसेल, तर जवळच्या माणसाला रास्त मजुरी द्या. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा. पैसे द्यायला हरकत नाही, फक्त कशाचे देतोय ते आपल्याला माहीत हवं. रामराम.